१९९९ ची मियाटा, घरचं गॅरेज आणि ट्रॅक: एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

गाडी: माझदा मियाटा (दोन सीटची, उघड्या छताची स्पोर्ट्स कार), एनबी म्हणजे दुसरी पिढी, १९९९, १.८ लिटर, पाच गिअर, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. कारखान्यातून १४० हॉर्सपॉवर, वजन साधारण १०४५ किलो. वापर: उत्तर कॅलिफोर्नियात थंडरहिल आणि लागुना सेका या रेस ट्रॅकवरचे ट्रॅक-डे (स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवायचे दिवस), मार्च ते ऑक्टोबर, वीस-वीस मिनिटांची सत्रं. ट्रॅक नसेल तेव्हा हीच गाडी रस्त्यावर, नंबरप्लेट आणि विम्यासकट. सगळं काम घरच्या गॅरेजमध्ये, एक जॅक, चार स्टँड आणि एक चांगला टॉर्क रेंच एवढ्यावर.

इंजिनाला हात लावलेला नाही, आणि हे मुद्दाम आहे. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी होते. १९९९ आणि त्याआधीच्या गाड्या अजून रोलरवर चालवून धूर मोजतात, शिवाय बॉनेट उघडून पार्ट डोळ्यांनी तपासतात. हवा आत घेणारा पाइप किंवा हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाइप) बदलला आणि त्यावर राज्याच्या मंजुरीचा क्रमांक नसला की गाडी नापास. पण नियम नसते तरी क्रम हाच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. या गाडीचं कमी पडतं ते उष्णता बाहेर टाकण्यात. ब्रेकची, पाण्याची आणि टायरची उष्णता हाताळली की १४० हॉर्सपॉवरमध्ये दिवसभर मनसोक्त चालवता येतं. ती हाताळली नाही, तर २०० हॉर्सपॉवरची गाडी तिसऱ्या फेरीनंतर पिटमध्ये (ट्रॅकबाहेर थांबायच्या जागेत) बॉनेट उघडून उभी असते.

आधी ब्रेक. थंडरहिलच्या सरळ भागातून ताशी १७० किलोमीटरवरून ८० वर यायचं म्हटलं, तर चालक आणि बसवलेल्या पार्टांसह सुमारे ११५० किलोच्या गाडीतून एका दाबात जवळपास दहा लाख ज्यूल ऊर्जा निघते. तीन लिटर गार पाणी उकळीपर्यंत न्यायला लागते तेवढी. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन रोटरमध्ये (ब्रेकच्या तबकड्यांत) जातो, आणि दर फेरीत असे अनेक दाब. रस्त्याचे पॅड (रोटरला दाबून धरणारे ब्रेकचे तुकडे) याला तयार नसतात. पॅडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा समजावं की पॅड फेड झाले, म्हणजे तापून त्यांची पकड गेली. पॅडल मऊ होऊन तळाला जातं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळलं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक पायाला ओळखता आला पाहिजे.

ऑइल मोतुल आरबीएफ ६०० वापरलं. कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश सेल्सिअस. डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या मानकात कोरड्या ऑइलला किमान २३० आणि पाणी शोषलेल्याला १५५ अंश एवढंच बंधन आहे, यावरून अंतर कळेल. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांत पूर्ण बदल होतो. मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात: डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत आधी मागचं उजवं, मग मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं. टाकीतली पातळी मधेच तळाला गेली तर हवा आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं, पुसत बसू नये. हंगामात प्रत्येक दोन-तीन ट्रॅक-डेनंतर पुढच्या दोन कॅलिपरमधून (पॅड रोटरवर दाबणाऱ्या भागांमधून) थोडं ऑइल काढत राहिलो, आणि पॅडल शेवटपर्यंत वर राहिलं. ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे उघडलेली बाटली पुढच्या महिन्यासाठी ठेवू नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी तर हे दुप्पट पाळावं.

पॅड पुढे कार्बोटेक कंपनीचे एक्सपी१०, मागे एक्सपी८. मागे एक पायरी सौम्य ठेवायचं कारण असं की जोरात ब्रेक दाबताना वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि एबीएस नसताना मागचं चाक आधी लॉक झालं तर गाडी फिरते. नवे पॅड आणि रोटर बसवल्यावर बेडिंग, म्हणजे पॅडचा थर रोटरवर सारखा बसवणं, हवंच: ताशी ८० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने सहा-आठ वेळा, मग ११० वरून ३० पर्यंत जोरात तितक्याच वेळा, पूर्ण न थांबता, आणि त्यानंतर दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता चालवत गार करायचे. तापलेल्या अवस्थेत पॅडल दाबून गाडी उभी केली की पॅडचा ठसा रोटरवर बसतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला रोटर वाकला म्हणतात. बहुतेक वेळा रोटर सरळच असतो, त्यावर पॅडचा थर असमान बसलेला असतो.

रोटर साधे, भोकं नसलेले घ्यावेत. भोकांच्या कडेपासून तडे सुरू होतात. रोटरच्या कडेला उष्णतामापक रंगाचे तीन ठिपके लावले: हिरवा ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. लागुना सेकात दुसऱ्या वळणाच्या आधीचं जोरदार ब्रेकिंग असूनही लाल ठिपका शाबूत राहिला, म्हणून ब्रेकला गार हवा देणाऱ्या ७६ मिलिमीटरच्या पाइपांचा खर्च टाळता आला. रंगाची बाटली स्वस्त आहे आणि अंदाजांची सगळी चर्चा ती संपवते.

झिजेबद्दल: पुढच्या कॅलिपरला एकच पिस्टन आहे आणि तो सरकत्या पिनांवर बसतो. पिना सुकल्या की पॅड पाचरीसारखा एका टोकाला जास्त झिजतो. प्रत्येक पॅड बदलताना पिना काढून पुसायच्या, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं आणि बोटाने सहज सरकतात का पाहायचं. मागच्या कॅलिपरची गोष्ट निराळी. तिथे हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनमध्येच आहे, त्यामुळे पिस्टन शिकंजाने दाबून आत ढकलायचा नाही. मागच्या बाजूचा १४ मिलिमीटरचा झाकणबोल्ट काढला की आत ४ मिलिमीटरचा ॲलन बसतो. उलटा फिरवला की पिस्टन आत जातो. नवे पॅड बसले की घट्ट होईपर्यंत सुलटा फिरवायचा आणि एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. ही एक पायरी राहिली तर पॅडल लांब जातं, आणि माणसं निष्कारण ऑइलमधली हवा काढत बसतात.

ट्रॅकच्या पॅडचा तोटा रस्त्यावर कळतो. थंड असताना किंचाळतात, लोखंडी भुकटी रिमवर बसते आणि दव पडलं की रात्रीत गंजून चिकटते. शिवाय थंड वापरात ते रोटरवरचा थर खरवडून काढतात. त्यामुळे रस्त्यासाठी वेगळे पॅड आणि वेगळे रोटर, असे दोन जोड ठेवले. एकाच रोटरवर दोन कंपन्यांचे पॅड आलटूनपालटून चालवू नयेत.

आता पाणी. एनबीच्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मोठ्या पट्ट्यात मधोमध स्थिर राहील असाच बनवला आहे. तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो. ऑइल प्रेशरचा काटाही या पिढीत नुसत्या स्विचवर चालतो, खरा दाब दाखवत नाही. १९९६ पासूनच्या अमेरिकी गाड्यांत ओबीडी-२ (इंजिनाची माहिती वाचायचा सॉकेट) आहे, म्हणून एक साधा ब्लूटूथ डोंगल आणि जुना फोन लावून खरं तापमान पाहता येतं. १०० अंशांखाली निर्धास्त, १०५ ला गिअर वरचा टाकून एक फेरी सावकाश, ११० ला पिटमध्ये, असा नियम ठेवला.

मूळ रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या जुन्या झाल्या की काळ्याच्या तपकिरी होतात. तो रंग दिसला की बदलायची वेळ झाली. ॲल्युमिनियमचा जाड रेडिएटर बसवला, पण खरा फरक त्याने पडला नाही. फरक पडला तो रेडिएटरभोवतीच्या फटी बंद केल्यावर. नाकातून आलेली हवा सोपा रस्ता शोधते, आणि रेडिएटरच्या कडेने, वरून, खालून निसटते. बंद पेशींचा फोम आणि पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊन तोंडापासून रेडिएटरपर्यंत चारही बाजू बंद केल्या. खालचा प्लास्टिकचा अंडरट्रे बसवलेलाच असला पाहिजे. जुन्या मियाटांत तो ऑइल बदलताना काढून टाकलेला असतो आणि मग मालक थर्मोस्टॅट बदलत राहतात. फोमला खर्च नगण्य, संध्याकाळभराचं काम, आणि चाळीस अंशांच्या जवळ जाणाऱ्या थंडरहिलच्या उन्हाळ्यात त्यानेच सत्र पूर्ण करू दिलं.

कूलंट रीरूटबद्दल (इंजिनातल्या पाण्याचा मार्ग बदलण्याबद्दल) सारखं विचारलं जातं. हे इंजिन मुळात आडवं बसणाऱ्या, पुढची चाकं ओढणाऱ्या माझदासाठी बनलं. मियाटात ते उभं बसवताना पाण्याची एन्ट्री आणि एक्झिट दोन्ही पुढच्या बाजूला आली, त्यामुळे मागच्या तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरभोवती प्रवाह कमी पडतो. रीरूटमध्ये थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेतात. टर्बो लावणार असाल तर ते करायलाच हवं. मूळ इंजिनासाठी फटी बंद करणं आणि चांगला रेडिएटर पुरतो. करायचं ठरलंच तर एनबीच्या सुरुवातीच्या गाड्यांत हेडच्या मागे कॉइल पॅक (ठिणगीसाठी वीज देणारे) आडवे येतात, ते आधी काढावे लागतात, आणि इंजिनामागच्या भिंतीपाशी हात जेमतेम जातो. पाणी भरताना गाडीचं नाक रॅम्पवर उंच, हीटर पूर्ण गरम, आणि बुडबुडे थांबेपर्यंत घाई नाही.

टायर २०५/५० आर१५, ट्रेडवेअर (झिजेचा आकडा) २०० वर्गातले, म्हणजे चिकट रबराचे, १५×८ रिमवर, ऑफसेट अधिक ३६. टायर थंड असताना हवा २६-२७ पीएसआय, सत्र संपल्याबरोबर मोजून ३२ च्या आसपास. पहिल्या सत्रानंतर जास्तीची सोडायची, आणि संध्याकाळी घरी निघताना रस्त्यासाठी परत भरायची. चाकाचे नट सुमारे १०८ न्यूटन-मीटर, दर सत्राआधी, रिम गार झाल्यावर.

कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असणं) नसेल तर हे टायर बाहेरच्या खांद्यावर एका हंगामात संपतात. पुढे उणे २.८ ते ३ अंश, मागे उणे २.३ ते २.५, पुढचा टो (चाकांचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) शून्य, मागचा एकूण १.५ मिलिमीटर आत. गाडी थोडी खाली घेतल्यावर मूळ बोल्टांवर पुढे अडीच अंश मिळतात. त्यापुढे लांब बॉल जॉइंट लागतात. अलाइनमेंट घरी दोऱ्याने होते, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी: एनबीचा पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) १४१५ आणि मागचा १४४० मिलिमीटर आहे, म्हणून दोरी पुढच्या हबपासून प्रत्येक बाजूला मागच्या हबपेक्षा साडेबारा मिलिमीटर जास्त दूर असायला हवी. ॲडजस्टमेंटचे एक्सेंट्रिक (केंद्र एका बाजूला असलेले) बोल्ट रबरी बुशच्या नळीत गंजून अडकतात. आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवावं, आणि शेवटी आवळताना गाडीचं वजन चाकांवर असावं, नाहीतर बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

सुरक्षेत काटकसर नको. उघड्या गाडीला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी नळी) बहुतेक संस्था सक्तीचा करतात. हेल्मेट घालून बसल्यावर बारच्या वरच्या टोकापासून विंडशील्डच्या वरच्या कडेपर्यंत काठी ठेवायची, हेल्मेट त्या रेषेच्या दोन इंच खाली हवं. उंच माणसांना त्यासाठी सीटचा फोम कापावा लागतो किंवा बकेट सीट थेट फरशीजवळ बसवावी लागते. डोकं पोहोचेल तिथे एसएफआय ४५.१ या सुरक्षा मानकाचं कडक पॅडिंग. मऊ फोम उपयोगाचा नाही. हेल्मेट स्नेल या हेल्मेट-मानकाच्या एसए वर्गातलं, कारण मोटरसायकलच्या एम वर्गात आगरोधक अस्तराची अट नाही. मूळ सीट आणि मूळ तीन-बिंदू पट्टा ठेवून नुसता चार-बिंदू हार्नेस लावू नये. हार्नेस लावायचा तर बकेट सीट आणि मानेचा आधार सोबतच. बार बसवताना सीटमागच्या कोपऱ्यातल्या छताच्या पाणी जाण्याच्या नळ्या चेपल्या गेल्या का बघावं. त्या तुंबल्या की पाणी रॉकर पॅनेलमध्ये (दाराखालच्या पोकळ भागात) साचतं आणि गंज आतून सुरू होतो.

मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालानंतर मूळ तपशिलाबाहेर जाणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाहीत. पण स्विफ्ट किंवा पोलो घेऊन कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला जाणाऱ्याला यातलं ब्रेक ऑइल, पॅड, टायरची हवा आणि रेडिएटरच्या फटी हे सगळं तसंच लागू पडतं.

हंगामाअखेर जे खरोखर झिजलं ते पुढचे हब बेअरिंग. चिकट टायरांमुळे त्यांच्यावर जो भार येतो तो माझदाने धरलेला नव्हता. खूण अशी: लांब वळणानंतर पहिल्या दाबाला पॅडल खोल जातं आणि दुसऱ्याला नेहमीसारखं लागतं. बेअरिंग सैल झाल्याने रोटर हलतो आणि पॅड मागे ढकलतो. चाक हवेत घेऊन वर-खाली धरून हलवलं की खडखड हाताला कळते. हा हब सीलबंद आहे, दुरुस्ती नाही, पूर्ण बदलायचा, आणि स्वस्तातला घेऊ नये. एका स्वस्त हबला दोन महिन्यांत खेळ आला, मूळ दर्जाचा अजून घट्ट आहे. इंधनाची टाकी एक तृतीयांशाखाली गेली की थंडरहिलच्या दुसऱ्या वळणासारख्या लांब वळणात इंजिन अडखळतं. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत पेट्रोल भरूनच यावं, आणि त्याच वेळी इंजिन ऑइलची पातळी वरच्या खुणेपर्यंत आणावी.