'डेब्रेकर्स' : रक्त संपत आलेल्या जगाची गोष्ट

मायकेल आणि पीटर स्पीरिग या जुळ्या भावांनी लिहून दिग्दर्शित केलेला 'डेब्रेकर्स' (२००९) ज्या २०१९ सालात घडतो, तिथे एका साथीने बहुतेक मानवजात रक्तपिशाच झाली आहे आणि उरलेली माणसे एकतर लपतछपत जगत आहेत किंवा ब्रॉमली मार्क्स या कंपनीच्या कोठारात यंत्रांना जखडलेल्या अवस्थेत रक्त देत आहेत. हे पिशाच नीटनेटका सूट घालून रात्री कामावर जातात, दिवसा गाडी काढावीच लागली तर काचा पूर्ण झाकून कॅमेऱ्याच्या पडद्यावर रस्ता पाहतात आणि भुयारी मार्गातल्या टपरीवर रक्त घातलेली कॉफी घेतात. नागरी जीवनाचा हा तपशील ज्या निगुतीने रचला आहे, त्यामुळेच रक्ताचे प्रमाण घटल्यावर त्याच टपरीपुढची सभ्य माणसे एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तेव्हा खरी भीती वाटते.

पर्यायी रक्ताचा शोध घेणारा एडवर्ड डाल्टन स्वतः माणसाचे रक्त पीत नाही, आणि ईथन हॉकने त्याचा हा अवघडलेपणा संयमाने उभा केला आहे. त्याचा मालक ब्रॉमली याला याच रोगाने कर्करोगातून वाचवले असल्याने त्याला उपचार नकोच आहे. पर्यायी रक्त मिळाले तरी अस्सल रक्ताला जादा दाम मोजणारे गिऱ्हाईक राहणारच, हा त्याचा हिशेब सॅम नील इतक्या शांतपणे मांडतो की अंगावर काटा येतो.

चित्रपटाचा कळस मात्र मला 'सबसायडर' मंडळींच्या प्रसंगात दिसला. उपासमारीने स्वतःचेच रक्त पिऊन वटवाघळासारखे विद्रूप झालेल्या या जिवांना सैनिक साखळदंडांनी बांधून उन्हात फरफटत नेतात, आणि त्यांत खुद्द ब्रॉमलीची मुलगी असते. तिला बळजबरीने पिशाच करणारा एडवर्डचा सैनिक भाऊ फ्रँकी हे पाहून आतून कोसळतो. या दोन भावांच्या नात्याला आणखी वेळ मिळायला हवा होता, असे मनापासून वाटते.

उत्तरार्धात पकड सैल होते. विलेम डफोचा एल्व्हिस जान आणतो, परंतु ऊन क्षणभर लागून लगेच पाण्यात पडल्याने तो पुन्हा माणूस कसा झाला, याचा खुलासा घाईने उरकला आहे, तर क्लॉडिया कार्व्हनच्या ऑड्रीला कथेत पुरेसे कामच दिलेले नाही. अखेरच्या भागातील रक्तपात इतका लांबतो की टंचाई आणि नफेखोरी यांविषयी आधी नेमकेपणाने मांडलेले विचार त्या गदारोळात मागे पडतात. तरीही अवघ्या ९८ मिनिटांत एवढे सुसंगत जग उभे करणारे भयपट थोडेच आहेत, त्यामुळे फाडलेल्या देहांची दृश्ये सोसणाऱ्या प्रौढ प्रेक्षकांनी तो जरूर पाहावा. मुलांना मात्र दाखवू नये.