इनडिझाइन रखडतंय: रॅम, एसएसडी की फाइलच नीट करायची?

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये सोसायटीचा मराठी-कन्नड वार्षिक अहवाल पान उलटतानाही अडायला लागला, की बेळगाव-निपाणीकडे आधी नव्या मशीनचीच चर्चा सुरू होते. त्याआधी एक रिकामी फाइल उघडून टाइप करून बघा. ती पळाली तर दुखणं अहवालात आहे, मशीनमध्ये नाही.

फाइल दुरुस्तीला पैसा लागत नाही. ग्राहकाच्या पेन ड्राइव्हवरून थेट काम करू नका, आधी हार्ड डिस्कवर घ्या. नुसतं सेव्ह करत राहिलं की फाइल फुगते. सेव्ह ॲज केलं की उतरते. तरीही अडली तर आयडीएमएल (इनडिझाइनचाच दुसरा फाइल प्रकार) करून ती पुन्हा उघडा, मग ओळी सरकल्यात का हे तपासा. संचालकांचे फोटो पेस्ट न करता प्लेस करा, म्हणजे मूळ फोटो अहवालाच्या फाइलबाहेर राहतो. ३ × ४ सेंमीच्या चौकटीला ३०० डीपीआयने साधारण ३५४ × ४७२ पिक्सेल पुरतात. मोबाइलचा ४००० × ३००० चा फोटो तिथे नुसतं ओझं. डिस्प्ले परफॉर्मन्स (पडद्यावर चित्रं किती बारकाईने दिसावीत ते) टिपिकलवर ठेवा. खालच्या पट्टीतलं प्रीफ्लाइट (चुकांची आपोआप तपासणी) काम चालू असताना बंद, पीडीएफ काढण्याआधी चालू.

रिकामी फाइलही रखडली तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. इथेच बहुतेक जण फसतात: डिस्क १०० टक्के दिसली की लगेच एसएसडी (वेगवान डिस्क) घेतात. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर लिहीत सुटतं आणि तेव्हाही डिस्क १०० टक्केच दिसते. म्हणून आधी मेमरीचा, म्हणजे रॅमचा आकडा बघा. तो ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम घ्या. नव्या इनडिझाइनला किमान ८ जीबी लागते, १६ असली तर बरं. रॅमचे प्रकार वेगळे असतात, डीडीआर३ च्या बोर्डात डीडीआर४ बसत नाही, जुनी पट्टी काढून दुकानात दाखवा.

मेमरी निवांत आणि डिस्कच १०० टक्के दिसत असेल तर एसएसडी. फाइल उघडणं, सेव्ह होणं, मशीन सुरू होणं यांत फरक लगेच कळतो. जड पान सरकवताना फारसा नाही.

स्क्रायबस हे पानं मांडायचं दुसरं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरी-कन्नड जोडाक्षरं जुळतात. पण ते इनडिझाइनची मूळ फाइल उघडत नाही, आयडीएमएल द्यावी लागते आणि मांडणी हलते. वर एकमेकींना जोडलेल्या चौकटींत लांब मजकूर असला की तेही रखडतं. वेगासाठी तिकडे वळण्यात अर्थ नाही. लायसन्सचा खर्च टाळायचा असेल तर पत्रिका, हँडबिल अशा सुट्या कामांपासून सुरुवात करा.