उबंटू अपग्रेडनंतर ॲप्ट रखडतंय: मिरर बदलू, नाला टाकू, साफसफाई करू की सरळ फॉरमॅट मारू?

उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलं की बऱ्याच जणांची पहिली तक्रार हीच असते, आधी ॲप्ट (सॉफ्टवेअरची पॅकेजं उतरवून बसवणारं टूल) पटापट चालायचं आणि आता अपडेट मारलं की शून्य टक्क्यांवर 'वर्किंग' दाखवत बसतं, नाहीतर 'वेटिंग फॉर हेडर्स' म्हणून अडकतं, आणि शेवटी पॅकेजं उतरली तरी ती बसवताना पुन्हा रांगतंच. मग चार जणांना विचारलं की चार सल्ले येतात. एक म्हणतो मिरर (पॅकेजांची कॉपी ठेवणारा सर्व्हर) बदल, दुसरा म्हणतो ॲप्ट सोड नाला वापर, तिसरा जुना कचरा काढायला सांगतो, आणि एक जण हमखास असतोच, फॉरमॅट मार रे सगळं. गंमत म्हणजे चौघंही बरोबर असू शकतात, फक्त प्रत्येकाचं औषध वेगळ्या दुखण्यावरचं आहे. दुखणं नेटचं असेल तर फॉरमॅट मारून काडीचा फरक पडणार नाही, आणि दुखणं डिस्कचं असेल तर जगातला सगळ्यात फास्ट मिरर लावा, तेवढाच वेळ लागेल.

म्हणून निवडायच्या आधी एक छोटी टेस्ट करा. ॲप्ट अपग्रेडला डाऊनलोड-ओन्ली हा ऑप्शन जोडून चालवा, म्हणजे पॅकेजं फक्त उतरतील, बसणार नाहीत, आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून ठेवा. मग तीच कमांड तो ऑप्शन काढून पुन्हा चालवा. आता नेटचं काम जवळपास उरलेलं नाही, जो वेळ लागेल तो डिस्कचा, डीपीकेजीचा (ॲप्टच्या मागे पॅकेज खरं बसवणारं टूल) आणि मागून आपोआप चालणाऱ्या कामांचा, म्हणजे ट्रिगर्सचा. कुठला आकडा मोठा येतो ते बघा आणि मगच पुढचं वाचा. (कॅश लॉकसाठी थांबलोय असा मेसेज येत असेल तर स्लो वगैरे काही नाहीये, मागे ऑटोमॅटिक अपडेट चालू आहे, ते संपू द्या. लॉकची फाईल डिलीट करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.)

मिरर बदलणं आणि नाला टाकणं

डाऊनलोडचा आकडा मोठा आला तर हे दोन पर्याय. मिरर बदलायला काही खर्च नाही, सॉफ्टवेअर अँड अपडेट्स उघडा, 'डाऊनलोड फ्रॉम' मध्ये जा आणि दुसरा सर्व्हर निवडा. आपल्याकडे साधारण भारताचा डीफॉल्ट मिरर लागलेला असतो, तो न चालल्यास मेन सर्व्हर किंवा यादीतला एखादा भारतीय कॉलेजचा मिरर लावून बघा. तिथे बेस्ट सर्व्हर शोधायचं बटण आहे, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, लवकर उत्तर देणारा सर्व्हर मोठी फाईल पण लवकर देईलच असं नाही, त्यामुळे दोन-तीन लावून अपडेटच्या शेवटी येणारा स्पीडचा आकडा स्वतः वाचा. फाईलचा साईझ जुळत नाही, मिरर सिंक चालू आहे का, असा एरर येत असेल तर तो मिरर मागे पडलाय, काही तास थांबा नाहीतर सोडा. आणि सिक्युरिटी अपडेट्सचा पत्ता उबंटूच्या सिक्युरिटी सर्व्हरवरच राहू दे, तो मिररवर वळवण्यात शहाणपणा नाही कारण मिरर मागे असला की फिक्स उशिरा मिळतात.

आता नाला. हे ॲप्टचंच दुसरं तोंड आहे, आतली लायब्ररी तीच, उबंटूच्या रेपोत (पॅकेजांच्या कोठारात) मिळतं. ॲप्ट एका सर्व्हरशी एकाच कनेक्शनवर बोलतं, नाला एका मिररवरून तीन पॅकेजं एकदम उतरवतं आणि मिरर जास्त असले तर अजून जास्त. त्यामुळे जिथे सर्व्हर लांब आहे किंवा एका कनेक्शनला कमी स्पीड देतो तिथे फरक जाणवतो, पण तुमची लाईनच छोटी असेल तर तीन कनेक्शन तेवढंच पाणी वाटून घेणार, नळ काही मोठा होत नाही. बसवण्याचा वेळ नालाने कमी होत नाही हे पण लक्षात घ्या, ते काम शेवटी डीपीकेजीच करतं. मला नाला आवडतं ते स्पीडपेक्षा त्याच्या हिस्ट्रीसाठी, कुठल्या दिवशी काय टाकलं ते दिसतं आणि ते उलटवता पण येतं.

एक खोच आहे. नालाचं फेच चालवलं की ते फास्ट मिरर शोधून स्वतःची वेगळी सोर्स फाईल (पॅकेजं कुठून आणायची ते पत्ते) बनवतं, आणि उबंटूची मूळ फाईल तशीच राहते. म्हणजे आता प्रत्येक अपडेटला पॅकेजांची तीच यादी दोन-तीन ठिकाणांहून उतरते आणि ॲप्ट अपडेट आधीपेक्षा स्लो होऊन बसतं. नाला घ्यायचं तर फेच न करता घ्या, नाहीतर जुन्या सोर्स बंद करायची तयारी ठेवा.

या दोघांच्याही आधी एक तिसरी गोष्ट ट्राय करा, आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत. टर्मिनलमध्ये लांबलचक कोलनवाला पत्ता दिसतोय, कनेक्शन जुळतं पण पुढे डेटाच सरकत नाही, आणि ब्राऊझर मात्र मस्त चालतोय, असं असेल तर राउटर किंवा प्रोव्हायडरकडे आयपीव्ही६ अर्धवट आहे असं समजा. ॲप्टला एकदाच आयपीव्ही४ ची सक्ती करणारा ऑप्शन देऊन अपडेट चालवा. लगेच पळायला लागलं तर तीच ओळ ॲप्टच्या कॉन्फिगच्या फोल्डरमध्ये एका छोट्या फाईलमध्ये टाकून द्या, मिरर बदलायची गरजच नाही. फक्त अख्ख्या सिस्टीमचं आयपीव्ही६ बंद करू नका, मोबाईल हॉटस्पॉटवर, खास करून जिओवर, नेट मुख्यतः त्यावरच चालतं.

साफसफाई

हा पर्याय कंटाळवाणा आहे म्हणून कोणी सांगत नाही, पण अपग्रेड झालेल्या मशीनवर सगळ्यात जास्त फायदा इथेच. कारण २४.०४ मध्ये सोर्सचा फॉरमॅटच बदलला, आधी सगळं सोर्सेस डॉट लिस्टमध्ये असायचं, आता ते उबंटू डॉट सोर्सेस नावाच्या नव्या फाईलमध्ये गेलं. कोणी जुनी फाईल बॅकअपमधून परत आणून ठेवली असेल तर दोन्हीकडे तेच रेपो, आणि अपडेटला 'कॉन्फिगर्ड मल्टिपल टाइम्स' च्या वॉर्निंगची रांग. जुनी फाईल रिकामी करा, विषय संपला.

मग पीपीए, म्हणजे उबंटूच्या बाहेरच्या लोकांचे रेपो. अपग्रेडच्या वेळी बाहेरचे रेपो बंद केले जातात ते चांगल्यासाठी, पण आपण नंतर एकेक करून परत चालू करतो आणि त्यातल्या काहींनी नव्या व्हर्जनसाठी काही बनवलेलंच नसतं. ज्याचा सर्व्हरच मेलाय तो सगळ्यात वाईट, ॲप्ट त्याच्या उत्तराची वाट बघत पुन्हा पुन्हा ट्राय करत बसतं. कधीकाळी स्टीम नाहीतर वाईनसाठी ३२ बिटचं आर्किटेक्चर जोडलं असेल आणि आता वापरत नसाल तर ते पण काढा (आधी त्याची पॅकेजं), कारण प्रत्येक अपडेटला त्याच्या वेगळ्या याद्या उतरतात. तसंच ॲप्ट-फाईल. कुठली फाईल कुठल्या पॅकेजमध्ये आहे ते शोधायला कॉलेजच्या प्रोजेक्टच्या वेळी टाकलेलं असतं आणि त्याच्यामुळे प्रत्येक अपडेटला मोठमोठ्या कंटेंट्स फाईल्स येत राहतात.

बसवायचा वेळ जास्त असेल तर जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) बघा. एकेका कर्नलच्या हेडर्समध्ये हजारो फाईल्स असतात, ऑटोरिमूव्ह पर्जसकट चालवलं की त्या जातात. व्हर्च्युअलबॉक्स किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर डीकेएमएसमधून (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बनवणारी सोय) असेल तर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल तुमच्या मशीनवर कंपाईल होतो, जुन्या प्रोसेसरवर तिथेच चहा होतो. एनव्हिडियासाठी उबंटू तयार साईन केलेले मॉड्यूल देतं, ड्रायव्हर उबंटूच्या स्वतःच्या ड्रायव्हर टूलमधून टाका. आणि फायरफॉक्स किंवा थंडरबर्डच्या ओळीवर अडकलं असेल तर तो ॲप्टचा दोष नाही, ही दोन्ही आता स्नॅप (उबंटूचा वेगळा पॅकेज प्रकार) आहेत, ॲप्टचं नेहमीचं डेब पॅकेज नुसतं नावाला असतं आणि मागे स्नॅप स्टोअरमधून खरा ॲप गुपचूप उतरत असतो. दुसऱ्या टर्मिनलमध्ये स्नॅप चेंजेस बघा, काय चाललंय ते दिसतं. इथे मिरर बदलून शून्य उपयोग, स्नॅपचा सर्व्हरच वेगळा.

डिस्क

सगळं साफ करून पण अनपॅकिंग रांगत असेल आणि लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर मी सरळ सांगतो, फॉरमॅट नको, एसएसडी टाका. डीपीकेजी बसवलेली फाईल खरंच डिस्कवर लिहिली गेली याची खात्री करत करत पुढे जातं, आणि फिरत्या डिस्कला हीच गोष्ट सगळ्यात जड जाते. ही खात्री बंद करायचा जुगाड आहे, ईटमायडेटा नावाचं टूल, आणि नाव बघा, त्यांनी काही लपवलेलं नाही. स्पीड वाढतो, पण मधेच लाईट गेली आणि बॅटरी मेलेली असेल तर अर्धवट बसलेली सिस्टीम मिळेल. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात रोज लाईट जाते त्यांनी या वाटेला जाऊ नये.

फॉरमॅट

फ्रेश इन्स्टॉल मी शेवटी ठेवलाय पण तो वाईट आहे म्हणून नाही. फायदा खरा आहे, याद्या कोऱ्या, पीपीए नाहीत, जुने कर्नल नाहीत, आणि साफसफाईत जे एकेक शोधत बसायचं ते एका दुपारी उडतं. पण किंमत मोजा: आयएसओच (इन्स्टॉल करायची फाईल) सहा जीबीच्या आसपास, होम फोल्डरचा बॅकअप, प्रिंटर, वाय-फायचा ड्रायव्हर, मराठी कीबोर्ड परत लावा, ऑफिसचं व्हीपीएन परत लावा. आणि राउटरचं आयपीव्ही६ बिघडलेलं असेल तर नव्या सिस्टीमवर पहिलंच अपडेट परत शून्य टक्क्यांवर अडकणार, तेव्हा काय वाटेल ते विचारू नका. मिंटवर (दुसरं लिनक्स) जाऊ का असं पण विचारतात, तर मिंट २२ उबंटू २४.०४ वरच बांधलंय, बरीचशी पॅकेजं त्याच रेपोतून येतात, त्यामुळे नेटचा प्रॉब्लेम तसाच राहील. मात्र त्याचं मिरर निवडायचं टूल खरा स्पीड मोजून दाखवतं आणि स्नॅपची कटकट नाही, एवढ्यासाठी कोणी गेलं तर मी अडवणार नाही.

एका केसमध्ये मात्र मी दुसरा विचार न करता फ्रेश म्हणेन, अजून २०.०४ वर असाल तर. त्याचा साधा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, आणि तिथून थेट २४.०४ वर जाता येत नाही, मध्ये २२.०४ वर उतरावंच लागतं. म्हणजे दोनदा मोठं डाऊनलोड, दोनदा सगळी पॅकेजं बसणार, दोनदा पीपीए बंद, आणि शेवटी मशीनवर दोन्ही जुन्या व्हर्जनचा गाळ. तेवढ्या डेटात आयएसओ येतो. वेळ नसेल आणि घरचं मशीन असेल तर उबंटू प्रो (जास्तीच्या सपोर्टचं सबस्क्रिप्शन) जोडा, वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट आहे, सिक्युरिटी अपडेट्स चालू राहतात आणि फॉरमॅट दिवाळीच्या सुट्टीत निवांत मारता येतो.