सायकलचे कपडे: आठ महिन्यांनंतर

नोव्हेंबरात सायकल घेतली तेव्हा तिच्यासाठी वेगळे कपडे लागतात हे डोक्यातच नव्हतं. घरातली कॉटनची ट्रॅकपँट चढवली आणि कोथरूडहून वारज्यामार्गे खडकवासल्याला जाऊन आलो. जेमतेम तीस किलोमीटर. आंघोळीचं पाणी मांडीला लागलं आणि ओरडलोच. जांघेत येणारी जाड शिवण आणि घामाने ओलं राहिलेलं कॉटन, दोघांनी मिळून कातडी सोलवटली होती.

मग पॅडेड शॉर्ट्स. दुकानदार म्हणाला, सगळ्यात जाड जेल पॅडची घ्या, गादीवर बसल्यासारखं वाटेल. वाटलं खरं, पण अर्धा तासच. मऊ पॅडमध्ये बसायची हाडं रुततात आणि सगळा दाब मधल्या नाजूक भागावर येतो. सिंहगड रस्त्यावर मला चक्क मुंग्या आल्या.

त्यात मी आत अंडरवेअर घालत होतो! दोन महिने! शेवटी ऑफिसमधला एक जण हळूच म्हणाला, "अरे, आत काही घालायचं नसतं." पॅड थेट अंगाला लागण्यासाठीच असतं, त्यावर टोचणारी शिवण नसते. आपण अंडरवेअर घालून तीच शिवण परत आत नेतो. एवढ्या एका बदलाने निम्मा त्रास गेला.

दुसरी शॉर्ट्स पातळ पण घट्ट फोमच्या पॅडची घेतली, अंगाला चिकटून बसणारी. ट्रायल रूममध्ये उभं राहिलं की लंगोट बांधलेल्या बाळासारखं वाटतं. त्यावरून ठरवू नका, पुढे वाकून सायकलवर बसल्यासारखं करून बघा. पॅडला सुरकुती पडत असेल तर एक साइज लहान मागा. लांब जायचं असेल तर मी जांघेत थोडी व्हॅसलीन लावतो.

लाजेचं काय? खडकवासल्याच्या चौपाटीवर लायक्राची घट्ट शॉर्ट्स घालून कणीस खाताना आजही जरा अवघडतं. वरून सैल बर्म्युडा घालून पाहिली, पण ती सीटच्या टोकात अडकली आणि मी पडता पडता वाचलो. आता बघणारे बघोत.

जर्सीवर मात्र पैसे उधळायची घाई करू नका. साधा ड्रायफिट टी-शर्ट चालतो. जर्सीचा खरा फायदा म्हणजे पाठीवरचे तीन खिसे आणि पुढची चेन, सिंहगडाच्या चढावर ती पूर्ण उघडायची. डिसेंबरात उतरताना घामेजल्या छातीवर वारा असा बोचतो की मी एकदा टपरीवाल्याकडून जुना पेपर मागून जर्सीत कोंबला. विंडचीटरपेक्षा वाईट नव्हता.

शॉर्ट्सचं धुणं: प्रत्येक राइडनंतर, उलटी करून, साध्या साबणाने, सावलीत वाळत. कपडे मऊ करणारं लिक्विड अजिबात नको, त्याने कापडाची घाम ओढून घ्यायची ताकद जाते. पहिल्या जाड शॉर्ट्सचं पॅड पावसाळ्यात दोन दिवस ओलंच राहतं, पातळ पॅड रात्रभर पंख्याखाली वाळतं. त्याला अजून काही झालेलं नाही, फक्त शॉर्ट्सची मांडीवरची पकड ढिली पडलीये.

बिब शॉर्ट्स सगळे सुचवतात. खांद्यावर पट्टे असल्याने पोटाला इलॅस्टिक काचत नाही म्हणे, आणि माझ्या पोटाकडे बघता ते खरंच असावं. पण वाटेत लघवी लागली की आधी जर्सी काढा, मग पट्टे उतरवा. भर रस्त्यात एवढी कसरत? तूर्तास नको.