सीटी २००ची, मीटरमध्ये २५०: चौदा महिने भरलेलं जादा बिल

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. गाळा भाड्याचा. महावितरणचं कनेक्शन मालकांच्या नावावर, आणि प्रत्येक गाळ्याला त्यांचा सबमीटर. दर महिन्याला त्यांचा माणूस येणार, रीडिंग घेणार, १० रुपयांनी गुणून चिठ्ठी हातात देणार. ती चिठ्ठी मी १४ महिने मुकाट भरली.

आधीच्या गाळ्यात याच मशीनवर, एवढ्याच कामाला, महिन्याला चार हजारांच्या आसपास युनिट पडायचे. इथं ५,३००. मालकांना विचारलं तर म्हणाले, "मशीन जुनी झाली की जास्त खातात, तुम्हाला सांगायला पाहिजे का?" मला ते पटलं, ही खरी शरमेची गोष्ट. दोन मोटरी रिवाइंड करून आणल्या, बेअरिंग बदलली. आकडा हलला नाही.

मग वाटलं, सीटीचं, म्हणजे केबलमधला मोठा करंट मीटरसाठी लहान करून देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचं, वायरिंग चुकलं असणार. आमच्या गल्लीत बोर्डातून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांना घेऊन आलो. ते हसले. "वायरिंग चुकलं असतं तर तुझा फायदा झाला असता की." एका फेजच्या सीटीची एस-१ आणि एस-२ टोकं उलटी लागली, तर दोन फेज अधिक आणि एक वजा होते, लोड सारखा असला तर मीटर तिसरा हिस्साच दाखवतो. व्होल्टेजची एक वायर सुटली तर एका फेजचा हिस्सा गायब. एका फेजची सीटी दुसऱ्या फेजच्या व्होल्टेजला जोडली तरी बहुतेक वेळा रीडिंग कमीच येतं. मीटर जोरात पळतोय म्हणजे आधी सेटिंग बघायचं, असं त्यांचं म्हणणं.

सेटिंग म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. मोठा करंट थेट मीटरमधून नेत नाहीत, केबल सीटीच्या रिंगमधून जाते. २००/५ची सीटी असली तर केबलमधून २०० अँपिअर गेल्यावर मीटरकडे ५ जातात. बाहेर कुठली सीटी बसवलीय हे मीटरला कळत नाही. बसवणारा जो आकडा भरेल, त्या हिशेबानं तो गुणत राहतो. व्होल्टेजचंही तसंच. ११ केव्हीच्या लाइनवर पीटी (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर) लागतो, तो ११,०००चे ११० करून मीटरला देतो. आमच्याकडे ४१५ व्होल्ट थेट मीटरला येतात, पीटी नाहीच. म्हणजे सेटिंगमध्ये पीटीच्या प्रायमरी (लाइनकडची बाजू) आणि सेकंडरीत (मीटरकडची बाजू) एकच आकडा हवा.

सगळ्या मशीन चालू केल्या आणि काकांनी केबलला टाँग टेस्टर (वायर न सोडवता बाहेरून चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) लावला: ८० अँपिअर. मीटरवर १००. सीटीच्या बारीक वायरला लावला: २ अँपिअर. ८०ला २ म्हणजे सीटी २००/५चीच, नेमप्लेटवरही तेच. मीटर मात्र २ला ५०नं गुणत होता, म्हणजे आत २५०/५. मल्टिमीटरवर ४१० व्होल्ट, मीटरवर ४३५. हे माझ्या लक्षातही आलं नसतं. बटणं दाबत सेटिंगच्या पानावर गेलो तेव्हा पीटी प्रायमरी ४४०, सेकंडरी ४१५. पान दिसत होतं, पण बदलायला पासवर्ड मागत होतं. करंटमध्ये २५ टक्के, व्होल्टेजमध्ये ६, गुणाकार करून साडेबत्तीस टक्के जादा. ४,०००चे बरोबर ५,३००.

मध्येच मी एस-१ची वायर सोडवून बघायला गेलो, काकांनी हात धरून मागं ओढलं. चालू लोडवर सीटीची सेकंडरी उघडी पडली की त्या टोकांवर शेकडो, कधी हजारो व्होल्ट उभे राहतात. मीटर काढायचा झाला तर आधी एस-१, एस-२ शॉर्ट करायची. तुम्ही तपासणार असाल तर टाँग टेस्टरनं बाहेरून तपासा, स्क्रूला हात लावू नका.

फोटो काढले, मालकांकडे गेलो. त्यांनी सगळं मीटर बसवणाऱ्या कंत्राटदारावर ढकललं, "त्याची नजरचूक." कंत्राटदार म्हणाला, कंपनीतूनच तसं आलं. मग पासवर्ड कुणी टाकला, यावर दोघंही गप्प. महिन्याला १३,००० धरून १ लाख ८२ हजार होत होते. बरीच वादावादी झाल्यावर ९० हजार भाड्यात वळते करून द्यायचं कबूल केलं, तेही तोंडी. त्यातले तीन महिन्यांचे वळते झालेत, पुढचं बघायचं.

परवा शेजारच्या गाळ्यातला टाँग टेस्टर मागायला आला. त्याच्या सीटी १००/५च्या आहेत. मीटरमध्ये १२५ निघाले.