घरघंटीचे पीठ : भाजणीला, हांडव्याला आणि भाकरीला

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत थालीपीठ, चकली आणि उकडीचे मोदक जितक्या आपुलकीने होतात तितक्याच आपुलकीने हांडवा, खाटा ढोकळा आणि गव्हाची भाखरीही होतात. या सगळ्या पदार्थांची चव फोडणीच्या कितीतरी आधी, पिठातच ठरते. ते किती ताजे आहे, किती जाड आहे आणि दळताना त्यात दुसऱ्या कोणाचे धान्य मिसळले आहे का, यावर सारे अवलंबून असते. आमच्या घरी नेहमीच्या वापरात असलेल्या एक हॉर्सपॉवरच्या घरघंटीविषयी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या घरगुती पिठाच्या गिरणीविषयी, मी येथे लिहितो आहे आणि माझे मत आधीच सांगून टाकतो: केवळ रोजच्या पोळ्यांसाठी घरघंटी घेऊ नये, पण ज्या घरात भाजण्या, जाडसर पिठे आणि भाकरी नियमितपणे लागतात त्या घराने ती अवश्य घ्यावी.

हा फरक का पडतो हे समजण्यासाठी यंत्राची रचना पाहावी लागते. गल्लीतल्या घंटीत धान्य दोन दगडांमध्ये रगडले जाते. घरघंटीत दगड नसतात. वरच्या हौद्यातून धान्य एका बंद कप्प्यात उतरते, तेथे मिनिटाला सुमारे 2800 फेरे घेणारी पोलादी पाती त्यावर आघात करतात आणि धान्याचे कण बाजूच्या जाळीच्या भोकांतून जाण्याइतके लहान झाले की खालच्या डब्यात पडतात. म्हणजे पिठाचा जाडेपणा पूर्णपणे जाळीवर अवलंबून असतो. दगडाच्या घंटीवर ‘जरा जाडसर दळा’ असे सांगितले, तर जे मिळेल ते दळणाऱ्याच्या हाताच्या अंदाजावर असते, आणि पाच माणसे रांगेत उभी असताना आपल्या दोन किलोंसाठी तो दगड पुन्हा जुळवत बसेल अशी अपेक्षाही करता येत नाही. जाळी मात्र दर वेळी तेवढेच जाड पीठ देते. घरघंटीचा सर्वांत मोठा गुण मला हाच वाटतो.

हांडव्याचे उदाहरण घ्या. तांदूळ, चणाडाळ, तूरडाळ आणि थोडी उडीदडाळ एकत्र दळून त्याचे पीठ करतात, आंबट दह्यात ते रात्रभर आंबवतात आणि त्यात किसलेला दुधी, आले-मिरची घालून, वर राई-तिळाची फोडणी देऊन भाजतात. हे पीठ बोटांच्या चिमटीत चोळल्यावर बारीक रव्यासारखे दाणेदार लागले पाहिजे. बेसनाइतके बारीक झाले तर हांडवा आतून चिकट राहतो. वरचा थर कितीही खरपूस झाला तरी सुरी घातल्यावर पात्याला पीठ लागून येते. मधल्या भोकांच्या जाळीवर दळलेल्या पिठाचा हांडवा हलका होतो, त्याचा तुकडा मोडल्यावर आतली जाळी स्पष्ट दिसते आणि डाळीचा कण दाताखाली किंचित जाणवतो. खाट्या ढोकळ्यासाठी तांदूळ आणि उडीदडाळ याच जाळीवर दळावी. तयार पाकिटातली ढोकळ्याची पिठे मी वापरून पाहिली आहेत आणि ती वाईट नसतात, परंतु ताज्या पिठाला आंबल्यावर जो वास येतो तो त्यांना येत नाही.

भाजणीच्या बाबतीत तर घरघंटीला पर्याय नाही, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, चणाडाळ, उडीद आणि धणे-जिरे असे जिन्नस असतात; प्रत्येकाचा आकार आणि ओलावा वेगळा असल्याने ते वेगवेगळे भाजावे लागतात, आणि भाजल्यामुळे ठिसूळ झालेले धान्य कच्च्या धान्यापेक्षा लवकर दळले जाते. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. भाजलेले धान्य पूर्ण निवल्याशिवाय हौद्यात घालू नये, आणि दळून आलेले पीठ कोमट असते म्हणून ते लगेच डब्यात न भरता परातीत पसरून गार करावे, नाहीतर झाकणाला पाणी सुटून पिठाच्या गुठळ्या होतात. थालीपिठासाठी मी एक पायरी जाड जाळी लावतो, कारण किंचित भरड भाजणीचे थालीपीठ तव्यावर अधिक खुसखुशीत होते. चकलीसाठी मात्र तीच घंटी बारीक जाळीवर चालवावी. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या चणाडाळ आणि एक वाटी उडीदडाळ हे चकलीचे नेहमीचे प्रमाण असते, आणि त्यात भरड कण राहिले तर चकली सोऱ्यातून पडतानाच तुटते. दिवाळीच्या आठवड्यात सार्वजनिक घंटीवर आपल्या आधी कोणी बाजरी दळली आणि कोणी मका, हे आपल्या हातात नसते, आणि इतक्या निगुतीने भाजलेल्या धान्यात परका वास शिरला की फार वाईट वाटते.

उपासाच्या भाजणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. राजगिरा, वरी आणि साबुदाणा गव्हाच्या मागोमाग दळले, तर उपास करणाऱ्याच्या दृष्टीने ते पीठ बाद झाले. घरघंटीतही कप्प्यात मूठभर जुने पीठ उरतेच. तेव्हा जाळी काढून कप्पा ब्रशने झाडावा आणि थोडी वरी आधी दळून बाजूला काढावी. राजगिऱ्यासाठी सर्वांत बारीक जाळीच लावावी, कारण त्याचा दाणा इतका लहान असतो की मोठ्या भोकांतून तो अख्खाच निसटतो.

भाकरीविषयी थोडक्यात. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ काही दिवसांतच कडवट होते. दोन्हींवर उपाय एकच, लागेल तेवढेच दळणे. दोन दिवसांचे अर्धा किलो पीठ दळायला घंटीवर कोणी जात नाही, घरी मात्र ते सहज होते. हिवाळ्यात रिंगणाच्या ओळ्याबरोबर, म्हणजे आपल्या भरिताबरोबर, ताज्या बाजरीचा रोटला खाल्ला की पाकिटातल्या पिठाकडे पुन्हा वळावेसे वाटत नाही.

गव्हाचे मात्र दोन भाग करावे लागतील. भाखरी, लापशी आणि चुरम्याचे लाडू यांना जे करकरे पीठ लागते ते घरघंटी उत्तम देते. त्यासाठी 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला गुजरातमधल्या भाल प्रदेशातला भालिया गहू मिळाला तर तो घ्यावा. तो कठीण जातीचा असल्याने त्याचा दाणा मोडला तरी पिठूळ होत नाही. पोळीसाठी आपण सहसा लोकवन, म्हणजे गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला लोक-1 गहू आणतो, आणि येथे दगडाची घंटी सरस ठरते. दगडाखाली रगडताना गव्हातल्या पिष्टकणांची अधिक मोडतोड होते, असे पीठ जास्त पाणी पिते आणि त्याच्या पोळ्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. घरघंटीच्या पिठाच्या पोळ्या गरम असताना चांगल्याच लागतात, पण डब्यात घालून नेल्या तर दुपारपर्यंत थोड्या चिवट होतात. वर्षाचा गहू हाथीखान्याच्या धान्यबाजारातून भरून त्याला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून ठेवण्याची पद्धत आपल्या शहरात अनेक घरांत आहे. असा गहू तेल चोळल्याबरोबर दळायला घेऊ नये. तेल मुरू द्यावे, नाहीतर जाळीची भोके बुजतात.

काही गोष्टी या यंत्राला जमतच नाहीत. तीळ, शेंगदाणे आणि खोबरे यांचे तेल सुटून जाळी बंद होते. लाल मिरची दळली तर तिचा तिखटपणा पुढच्या अनेक दळणांना चिकटून राहतो. अनारशांचे तांदूळ 3 दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, कापडावर अर्धवट सुकवून ओलसर असतानाच दळायचे असतात. ते घरघंटीत मुळीच घालू नयेत, मिक्सरवर बारीक करून चाळून घ्यावेत. मोदकांचे तांदूळ धुऊन सावलीत खडखडीत वाळवलेले असतात, म्हणून ते बारीक जाळीवर सुरेख दळले जातात आणि त्या पिठाच्या उकडीला चिरा पडत नाहीत.

विजेचा खर्च नगण्य आहे. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट, तेव्हा तासभर दळले तरी साधारण एक युनिट जळते. आवाज मात्र मोठा आहे, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी दुपारच्या झोपेची वेळ टाळलेली बरी. हवा बाहेर सोडणारी कापडी पिशवी वेळोवेळी झटकली नाही तर स्वयंपाकघरभर पिठाची धूळ उडते.

माझी खरी तक्रार सेवेबद्दल आहे. एकदा ऐन दिवाळीच्या तोंडावर मोटार नुसती गुणगुणू लागली आणि फिरेना. कपॅसिटर गेला होता. एवढासा भाग बदलण्यासाठी कंपनीचा माणूस सण उलटून गेल्यावर आला, आणि भाजलेले धान्य तोवर थांबणार नसल्याने ते शेवटी घंटीवरच न्यावे लागले. 15,000 रुपयांच्या पुढे किंमत असलेल्या यंत्राबरोबर ही हेळसांड मला मान्य नाही. म्हणून घेण्यापूर्वी दुकानदाराला किंमत कमी करायला लावण्यापेक्षा दुरुस्ती करणारा माणूस शहरातच आहे का, हे विचारावे. जाळ्यांचा संपूर्ण संच हातात घेऊन उजेडात धरून पाहावा, आणि मधल्या जाडीच्या जाळ्या किमान दोन तरी आहेत याची खात्री करावी. बहुतेक संचांत बारीक जाळ्या भरपूर असतात आणि हांडव्याच्या पिठापासून थेट लापशीवर उडी असते. थालीपिठाची भाजणी नेमकी त्या दोहोंच्या मध्ये बसते. उत्पादकांनी पाककृतींची रंगीत पुस्तिका देण्याऐवजी ती एक जाळी द्यावी.