जोडवाक्यांची वही: काही महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजीचे काळ आणि मोडल क्रियापदं ('मस्ट', 'माइट', 'कॅन' यांसारखी साहाय्यक क्रियापदं) पक्की करायला गेले काही महिने मी एकच पद्धत वापरतेय. पानावर दोन वाक्यं लिहायची, फरक फक्त क्रियापदाचा. मग प्रत्येकाखाली ते कोण, कधी, कशासाठी बोलेल ते मराठीत लिहायचं. बारा काळांचा तक्ता तोंडपाठ असूनही बोलताना ज्यांची गाडी अडते, त्यांनी ही वही जरूर घालावी.

'आय हॅव लॉस्ट माय की' याखाली माझ्या वहीत आहे: 'दारात उभी आहे, किल्ली अजून मिळालेली नाही.' आणि 'आय लॉस्ट माय की' याखाली: 'गेल्या आठवड्यातली गोष्ट, नंतर सापडलीही असेल.' हे डोळ्यांसमोर आलं की 'हॅव लॉस्ट'ला 'यस्टरडे' का जोडत नाहीत, ते वेगळं घोकावं लागत नाही. (अमेरिकन बोलण्यात मात्र दारात उभं राहूनही 'लॉस्ट' सर्रास ऐकू येतं.)

खरा फायदा झाला तो मोडल्सना. 'मस्ट' आणि 'हॅव टू' होकारात अगदी शेजारी-शेजारी, पण नकारात दोन टोकांना जातात. 'यू मस्टन्ट टेल हर' म्हणजे तिला सांगायचं नाही, बजावून सांगतेय. 'यू डोन्ट हॅव टू टेल हर' म्हणजे नाही सांगितलंस तरी चालेल. अंदाज करताना तर आणखी गंमत. खिडक्यांत अंधार दिसला तर 'दे मस्ट बी आउट', खात्री नसेल तर 'दे माइट बी आउट', आणि आतून बोलणं ऐकू आलं तर 'दे कान्ट बी आउट'. इथे 'मस्ट'च्या उलट 'कान्ट' येतं, 'मस्टन्ट' नाही. एकाच खिडकीवर लिहिलेली ही तीन वाक्यं मला कुठल्याही नियमापेक्षा जास्त उपयोगी पडली.

उणिवाही आहेत. वेळ भरपूर जातो. आपलं वाक्य चुकलं तर वही ते सांगत नाही, म्हणून उदाहरणं देणारा चांगला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश शेजारी हवाच. गाळलेल्या जागांची पुस्तकं इथे कामाची नाहीत. दोन्ही उत्तरं बरोबर आणि अर्थ मात्र वेगळे, अशा ठिकाणी ती एकच उत्तर बरोबर धरतात, याचा मला मनापासून राग येतो. फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस ('विल हॅव बीन वेटिंग' असा काळ) यावर मी पानं खर्च केली नाहीत. रोजच्या बोलण्यात तो फार क्वचित लागतो. त्यापेक्षा 'मी तीन वर्षं इथे राहते' याला 'आय हॅव लिव्ड हिअर फॉर थ्री इयर्स' लागतं, हे आधी अंगवळणी पाडा.

सध्या एका अवघड जोडीवर आहे. 'शी नीडन्ट हॅव वेटेड': ती थांबली, पण गरज नव्हती. 'शी डिडन्ट नीड टू वेट': गरज नव्हती एवढंच कळतं, ती थांबली की नाही, ते पुढच्या वाक्यावर.